एलईडी बल्बचं बूड करपतंय, दोष बल्बचा की होल्डरचा?

मंडळी, वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं भाड्याचं घर, माळा लाकडी. तिथे बंद काचेच्या हंडीत ९ वॅटचा स्वस्त एलईडी बल्ब आहे. बुडाच्या धातूच्या टोपीजवळचं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, थोड्या वेळाने जळका वास येतो. खोक्यावर ना आयएस १६१०२ (एलईडी बल्बचं भारतीय मानक), ना आर-नंबर (भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक). सध्या काढून ठेवलाय. त्याच होल्डरला नावाजलेल्या कंपनीचा बल्ब लावला तर वास नाही, पण लुकलुकतो. होल्डर बेकेलाइटचा, एक पिन आत दबलेली. वायरमन म्हणतो, "चालतं हो!" त्याचं काय जातंय? सगळं वायरिंग बदलायला घरमालक तयार नाहीत. नुसता होल्डर बदलून भागेल, की स्विचपर्यंतची वायरही बदलावी? आणि बंद हंडीत एलईडी लावावा का?