पोर्त द्यु सोलेय सहल: सासूबाईंना जमेल का?

नमस्कार मंडळी,

फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पोर्त द्यु सोलेय या स्कीच्या डोंगराळ भागात फेब्रुवारीत सहल आहे, तिला आम्ही चौघं येतोय. मुलगा शाळेबरोबर स्की शिकलाय, आम्ही दोघं अगदीच नवखे. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांना दिवसभर खोलीत बसवून ठेवणं जिवावर येतंय. राहायचं मॉर्झिनला की वर आव्होरियाला? आणि मुलगा म्हणतो, स्कीवरूनच स्वित्झर्लंडला जाऊन येता येतं. खरं का?

---

ताई,

सासूबाईंना वरच न्या. मॉर्झिन जेमतेम 1000 मीटरवर, आव्होरिया 1800. खाली पावसाची रिपरिप असते तेव्हा वर बर्फ पडत असतो. 1960 चं स्कीइंगचं ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणारा ज्याँ व्ह्युआर्ने मॉर्झिनचाच. आव्होरिया उभं करण्यात त्याचा मोठा वाटा. गावात मोटारींना पहिल्यापासून बंदी, वेशीवरून घोड्याच्या घसरगाडीने आत जायचं. गेल्या वर्षी आईला बसवलं होतं. घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या, ओठांवरच्या केसांवर बर्फ गोठलेलं. आईने हातमोजा काढून त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि बराच वेळ तिथून हललीच नाही.

मुलगा म्हणतो ते खरं आहे. दोन देशांतली बारा गावं, सुमारे 600 किलोमीटरच्या वाटा, पास एकच. पण सीमेवरच्या शाव्हानेतच्या खिंडीतून त्याला एकट्याला पलीकडे सोडू नका. तिथला ‘स्विस वॉल’ नावाचा उभा उतार किलोमीटरभरात 331 मीटर खाली जातो. काठावर उभं राहिलं तर पुढचा उतार दिसतच नाही, आपल्या स्कीची टोकं तेवढी दिसतात. चेअरलिफ्टने खाली या, कितीतरी लोक तेच करतात. तुम्ही दोघं मात्र फ्रान्सकडच्या हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या वाटांवरच राहा. स्विस बाजूला हिरवी नसते, सुरुवातच त्याहून थोड्या अवघड निळीपासून.

आणि हे कळकळीने सांगतो: दुपारी दोनला परत फिरायचं म्हणजे फिरायचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्विस बाजूच्या ले क्रोझेला सूप पीत रेंगाळलो. वारा सुटला, खिंडीवरची लिफ्ट बंद. नकाशावर हातभर दिसणारं आपलं गाव, पण रस्त्याने सगळ्या डोंगराला वळसा. धाकटी टॅक्सीत स्कीचे बूट घालूनच झोपली. घरी पोचेपर्यंत तिचे पाय सुजले होते. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

सासूबाईंच्या बुटांचा नंबर कळवा. आईचे खाचांच्या तळव्याचे बूट आहेत, नवे घेऊ नका.

---

दादा, नंबर 37. दोनचं मुलाला आजच सांगितलंय, कुरकुरला पण कबूल झाला. सासूबाई विचारतायत, घोड्याला गूळ चालतो का?