ऊर्जा व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र: दर ३ वर्षांनी क्रेडिट कशाला मोजायचे?

कंडेन्सेट: असोसिएशन ऑफ एनर्जी इंजिनिअर्सचं 'सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर' (ऊर्जेचा वापर आणि बचत पाहणारा व्यवस्थापक) हे प्रमाणपत्र १९८१ पासून दिलं जातं. आधी कामाचा अनुभव, मग परीक्षा, इथवर सगळं रास्त आहे. आक्षेप आहे तो पुढच्या भागावर. ते टिकवायला दर ३ वर्षांनी १० क्रेडिट (पुढच्या शिक्षणाचे आणि कामाचे गुण) दाखवावे लागतात आणि त्यातले बरेचसे नुसत्या हजेरीवर मिळतात. वेबिनार लावून ठेवला, तास भरले की झालं. प्लांटमध्ये एक युनिट तरी वाचलं का, हे कुणी विचारत नाही. पास झालेल्या माणसाला त्याचं काम करू द्या.

मीटरवाली: अजिबात पटलं नाही. वीस वर्षांपूर्वी पास झालेल्यांनी ट्यूबलाइट आणि चोकचा हिशोब शिकला होता. नंतर एलईडी आले. ऊर्जा व्यवस्थापनाचं आयएसओ ५०००१ हे मानक २०११ मध्ये आलं, २०१८ मध्ये बदललं. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने चिलरमधले (पाणी थंड करणाऱ्या यंत्रातले) तापमानवाढ करणारे एचएफसी वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. जुन्या शिदोरीवर चिलर बदलायचा सल्ला दिला, तर पुढची कित्येक वर्षं भुर्दंड कंपनीला.

कंडेन्सेट: शिकू नका असं मी म्हटलेलंच नाही. तपासता काय, एवढंच विचारतोय. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवून वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज साधारण ५१ टक्के लागते, हा घनाचा नियम (वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते) सगळ्यांना पाठ असतो. पण पाणी उंचावरच्या टाकीत चढवायचं असेल, तर स्टॅटिक हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, वेगाबरोबर कमी होत नाही. तिथे बचत बरीच घटते, आणि वेग फारच उतरवला तर पाणी वर चढतच नाही. तरी रिपोर्टमध्ये तोच नियम ठोकून दिलेला मी पाहिलाय. सही करणाऱ्याचे क्रेडिट पूर्ण होते!

मीटरवाली: हा तर माझाच मुद्दा झाला. तो माणूस परीक्षाही पास झाला होताच ना? नूतनीकरण काढून टाकलं तर त्याला कधीच कुणी विचारणार नाही.

नवा_उमेदवार: मी सध्या तयारी करतोय. बचतीवर नूतनीकरण ठेवलं तर आमच्यासारख्यांचं कठीण आहे. आम्ही प्रस्ताव देतो, पैसे मंजूर करणारे वेगळेच असतात. शिवाय उत्पादन वाढलं की बिलही वाढतं, मग बचत झाली तरी दिसणार कशी?

कंडेन्सेट: बिल नकोच. एकच प्रकल्प घ्या. आधीचं आणि नंतरचं मीटर रीडिंग, उत्पादन आणि हवामानातल्या फरकाचा हिशोब करून. बचत झाली नसेल तर का नाही, तेही गणितासकट लिहा. त्याला निम्मे क्रेडिट द्या. नूतनीकरण रद्दच करा हा माझा आग्रह मी सोडतो.

मीटरवाली: कल्पना आवडली. पण उत्पादनाचे आकडे कंपन्या बाहेर जाऊ देत नाहीत, आणि एवढे रिपोर्ट बारकाईने तपासणार कोण? त्याची सोय होत असेल तर माझं मत तुमच्या बाजूने. तोवर ते १० क्रेडिट राहू द्या.