नाशिकला सुट्टीत फिलिपिनो जेवण आणि गोड पदार्थ: इथे काय मिळेल, काय बॅगेतून आणू?

कॉलेजरोडकर
जानेवारीत तीन आठवडे मनिलाहून नाशिकला येतोय. घरच्यांना तिकडचं खाऊ घालायचंय: चिकन अडोबो (व्हिनेगर-सोया सॉसमधलं चिकन), लेचे फ्लान (बलकाचं कॅरॅमल पुडिंग), उबे हलाया (जांभळ्या कंदाचा घट्ट हलवा), बिको (चिकट तांदळाचा नारळ घातलेला गोड भात) आणि जमलं तर हालो-हालो (गोड जिन्नस आणि दूध घातलेला किसलेला बर्फ). घरात अंडं, चिकन चालतं, पोर्क नाही. इव्हॅपोरेटेड मिल्क (बिनसाखरेचं आटवलेलं दूध), उबे आणि चिकट तांदूळ यांना नाशकात पर्याय आहे का? बॅगेत फार तर चार-पाच किलोची जागा आहे.

द्राक्षवेल
दुधाचे डबे आणू नका, उगाच वजन. मनिलातला कंडेन्स्ड मिल्कचा 300 मिलीचा डबा वजनाने 390 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्याकडचा डबा जवळपास तेवढाच. इव्हॅपोरेटेड मिल्कसाठी 900 मिली फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत 370 मिलीवर आणा. साय धरू द्यायची नाही, ही बासुंदी नव्हे. गाळून पूर्ण गार करा. गरम घातलंत तर पिवळं बलक शिजून गुठळ्या होतात.

फ्लानला 10 अंड्यांचे फक्त बलक, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, हे आटवलेलं दूध आणि लिंबाच्या सालीचा थोडा कीस. काट्याने हलकेच मिसळा. बीटर लावू नका, फेस झाला की फ्लानला भोकं पडतात. मिश्रण दोनदा गाळा. लानेरा, म्हणजे फ्लानचे लंबगोल साचे, नसले तर स्टीलचे पसरट डबे चालतील. साखर डब्यातच वितळवा आणि मधाच्या रंगावर आली की लगेच उतरवा, कारण उतरवल्यावरही ती शिजत राहते आणि कडू होते.

इडलीपात्रात मंद आचेवर 35-40 मिनिटं वाफवा. डब्यावर फॉइल लावा आणि झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपकून वर खड्डे पडतात. मोठ्या आचेवर फ्लान जाळीदार होतं. ढोकळ्याला जाळी शोभते, याला नाही. मधोमध किंचित थरथरत असतानाच गॅस बंद करा. किमान चार तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उलटा.

पंचवटीची_पिशवी
उबे म्हणजे आपलं कोनफळ! वनस्पती तीच. जानेवारी म्हणजे उंधियोचे दिवस, भद्रकालीत किंवा बुधवारच्या बाजारात विचारून बघा. गुजराती मंडळी त्याला रताळू म्हणतात, त्यामुळे घोळ होतो आणि जांभळं रताळं गळ्यात मारलं जातं. कोनफळाची साल खडबडीत, काळपट असते. विक्रेत्याला छोटी चकती कापून दाखवायला सांगा, काही आतून पांढरीच निघतात.

1 किलो कोनफळ सालासकट उकडा. कच्चं सोलताना हाताला खाज सुटते. मग सोलून बारीक किसा. नारळाचं दाट दूध 400 मिली, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, 60 ग्रॅम लोणी. कडा सुटेपर्यंत 30-40 मिनिटं घोटा. लोखंडी कढई नको, रंग मळकट होतो. खायचा सोडा तर अजिबात नको, जांभळ्याचं निळं-हिरवं होईल. तिकडच्याइतका गडद रंग हवा असेल तर उबे इसेन्सची एक छोटी बाटली आणा, तिकडेही पुष्कळ जण तेच करतात.

मिरची_मिठाई
वरच्या दोघांना अनुमोदन. बिकोसाठी मात्र बॅगेत एक किलो मालगकितची (तिकडच्या चिकट तांदळाची) जागा ठेवा. इगतपुरीचा इंद्रायणी चिकट असला तरी त्यात अमायलोज (गार झाल्यावर भात कडक करणारा स्टार्च) आहे, मालगकितमध्ये ते जवळपास नसतंच. इंद्रायणीचा बिको गरम असताना छान लागेल, पण दुसऱ्या दिवशी दाणे टचटचीत होतात. तुमच्या घरचे त्याला नारळी भात म्हणणार, लवंग कुठे गेली म्हणूनही विचारतील.

अडोबो: 1 किलो हाडासकट चिकन, अर्धी वाटी व्हिनेगर, पाव वाटी सोया सॉस (चाखून वाढवा), लसणाचा अख्खा गड्डा, चमचाभर अख्खी मिरी. तमालपत्र एकच. आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो, तिकडचं लॉरेल वेगळं. साधं सिंथेटिक व्हिनेगर नुसतं झोंबतं, गोव्याचं नारळाचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या. घातल्यावर पहिली दहा मिनिटं झाकण नाही, ढवळणं नाही, उग्र वास उडून जाऊ द्या. ॲल्युमिनियमचं भांडं टाळा. आणि आईंना हळदीच्या डब्यापासून लांब ठेवा.

कॉलेजरोडकर
कोनफळाचं लक्षातच आलं नव्हतं, आभार! हालो-हालोचं कसं करू?

पंचवटीची_पिशवी
निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या चालू असताना बर्फ? ठीक आहे, भर दुपारी करा.

काओंग (एका ताडाची पाकातली फळं), माकापुनो (मऊ गराच्या नारळाचे पाकातले काप) आणि नाता दे कोको (नारळपाण्याची जेली) यांची एकेक छोटी बरणी आणा, चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. माकापुनोऐवजी शहाळ्यातली मलईही चालेल. गुलामनच्या (तिकडच्या जेलीच्या) जागी चायना ग्रास. पिनिपिगऐवजी (कुटून चपटा केलेला चिकट तांदूळ) पातळ पोहे कोरडेच कुरकुरीत भाजा. राजमा पूर्ण मऊ शिजल्यावरच साखरेच्या पाकात घाला, आधी साखर पडली तर तो नंतर मऊ होत नाही. केळी राजेळी घ्या, नेहमीची पाकात विरघळतात.

मिक्सरमध्ये बर्फाचे खडे राहतात आणि खाली पाणी सुटतं, गोळ्याचं हातयंत्र मिळवा. तळाशी गोड जिन्नस, त्यावर किसलेला बर्फ घट्ट दाबून, मग आटवलेलं दूध, वर हलाया आणि फ्लानचा तुकडा. पोहे अगदी शेवटी, वाटी हातात देताना.