बदलीमुळे राज्य बदलताना मुलीच्या अभ्यासक्रमाचे काय?

प्रश्न : माझी बदली कर्नाटकात झाली असून दिवाळीनंतर आम्हाला तिकडे जावे लागेल. मुलगी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेत, इंग्रजी माध्यमात आठवीत आहे. तिथे राज्य मंडळाची शाळा घ्यावी की सीबीएसईची, आणि वर्षाच्या मध्येच गेल्याने तिचे काय मागे राहील, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मिळेल का, हीही काळजी आहे.

उत्तर 1 : आम्हीही असेच गेलो होतो; मुलगा तेव्हा सातवीत होता. गणित जड जाईल अशी आम्हाला भीती होती, पण घोडे अडले ते कन्नडपाशी. तेथे 2015 च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे वर्गातली मुले निबंध लिहीत असताना हा मुळाक्षरे गिरवत होता. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ एकेकच, कन्नडमध्ये मात्र दोन्हींची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत; त्याच्या श्रुतलेखनाच्या वहीत नेमक्या त्याच जागी लाल खुणा असत. नवख्या मुलांसाठी शाळा काय सोय करते, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. आम्ही विचारले नाही आणि पहिले काही महिने त्याचे फार हाल झाले.

उत्तर 2 : मी सीबीएसईच्या शाळेत गणित शिकवते. पुन्हा बदली होण्यासारखी असेल तर सीबीएसईच घ्यावी, कारण राज्य बदलले तरी अभ्यासक्रम तोच राहतो. जायचेच आहे तर आठवीतच जाणे बरे, कारण या मंडळात दहावीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. त्याच मंडळाची नववी उत्तीर्ण असावी लागते आणि बदलीसारख्या कारणासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. मुळात आमचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तुमचे जूनमध्ये, आणि धड्यांचा क्रमही निराळा असतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आलेली एक मुलगी बैजिक राशींचे अवयव सफाईने पाडत असे, पण आम्ही कधीच संपवलेली एकचल समीकरणे तिच्या जुन्या शाळेत अजून सुरूही झाली नव्हती. म्हणून दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून राहिलेल्या धड्यांवर आत्ताच खुणा करा.

उत्तर 3 : दाखल्याबद्दल. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 प्रमाणे आठवीपर्यंत सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागता येते, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेत मात्र हा हक्क सांगता येत नाही. परराज्यासाठी दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेकदा मागतात, ती निघण्यापूर्वीच घ्यावी.