साखरपुड्याच्या अंगठीसाठी नीलम: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर साखरपुडा आहे, लातूरला. होणाऱ्या बायकोला हिऱ्याऐवजी नीलम हवाय. आजीचं म्हणणं, शनीचा खडा आहे, आधी उशाखाली ठेवून बघा! तिची समजूत घालतो आम्ही. माझी अडचण वेगळीच आहे.

सराफाने दीड कॅरेटचा, सिलोनचा म्हणून एक खडा दाखवला. ‘हीट केलेला आहे, सगळेच असतात’ म्हणाला. वाचल्यावर कळलं की नुसता तापवलेला नीलम बाजारात चालतो, रंग कायम टिकतो. न तापवलेला बराच महाग. पण रंग बदलण्यासाठी बेरिलियम हे मूलद्रव्य घालून तापवलेला वेगळा, आणि भेगांत कोबाल्टची निळी काच भरलेला तर अगदीच वेगळा. काच भरलेला खडा म्हणे अंगठी दुरुस्त करताना झाळीच्या आचेने किंवा आम्लानेही खराब होतो. रोज हातात राहणाऱ्या अंगठीत तो नकोच.

बिलावर नुसतं ‘नैसर्गिक नीलम’ लिहून देतोय. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण काच भरलेलाही मुळात नैसर्गिकच.

तर, प्रमाणपत्रात नेमकं काय लिहिलेलं बघायचं? खडा जयपूरच्या IIGJ-RLC या रत्नतपासणी प्रयोगशाळेला (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) पाठवावा की मुंबईत तपासावा? मराठवाड्यातून कुणी पाठवलाय का? आणि अहवाल येईपर्यंत सराफाला इसार किती द्यावा?