घरी स्थळं बघायला लागलेत आणि मला अजून खो-खो खेळायचंय, कसं बोलू?

खुंटावरची_पोरगी

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय २०, बी.ए. दुसरं वर्ष, सांगली जिल्ह्यातलं गाव. शाळेपासून खो-खो खेळते, आधी शालेय मग कुमारी गट आणि आता खुल्या गटात जिल्ह्याकडून. राज्याच्या सराव शिबिरापर्यंत पोचलेले पण अंतिम यादीत नाव आलं नाही. पळती माझी बरी आहे, आक्रमणात खुंटावर सूर मारताना कमी पडते आणि ते सुधारायला मला अजून दोन सीझन तरी पाहिजेत असं सर पण म्हणतात.

घरी पप्पांनी कधी थेट नाही म्हटलं नाही. पण आत्याने एक स्थळ आणलंय, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, माणसं चांगली आहेत म्हणतात, आणि तेव्हापासून सगळ्यांचा सूर बदललाय. उन्हात काळी पडलीस, गुडघ्यावरचे डाग बघ, पाहुण्यांसमोर असंच बसणार का, हे रोजचं. आज्जीला शॉर्ट्स आवडत नाही म्हणून मैदानापर्यंत ट्रॅक पॅन्ट घालून जाते ते ठीक आहे, त्याचं काही वाटत नाही. सकाळच्या भाकऱ्या करून निघते, संध्याकाळी शेवटची एसटी चुकली तर सरांच्या मिसेस घरी सोडतात, आणि त्यावरून पण गल्लीत बोललं जातं. मला घर सोडून भांडून काही करायचं नाहीये. लग्न पण नको असं नाही, आत्ता नको एवढंच. कुणी या सगळ्यातनं गेलंय का, काय बोललात घरी?

माहेर_धाराशिव

अगं सेम टू सेम, फक्त आमच्याकडे आत्याच्या जागी मावशी होती 😄

मी लग्नानंतरही खेळले म्हणून सांगते. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत सगळं बोलतात, सोनं किती, मानपान काय, जेवणावळ कुणाकडे, आणि मुलीचा खेळ मात्र "ते काय बघू नंतर" मध्ये जातो. आणि नंतर म्हणजे कधीच नाही. पाहायला आलेला मुलगा एकटा असताना हो हो म्हणतो, मला पण खेळ आवडतो म्हणतो (त्याचा खेळ म्हणजे आयपीएल बघणं), त्याला काही अर्थ नसतो. माझ्या मामाने भर बैठकीत सुपारी फुटायच्या आधी विचारलं की पोरगी स्पर्धेला आठ आठ दिवस बाहेर जाणार, सरावाला रोज दोन तास जाणार, चालणार असेल तर पुढे बोलू. दोन मिनिटं सगळे गप्प. मग सासरे म्हणाले चालेल. चार माणसांसमोर बोललेला शब्द असल्यामुळे पुढे सासूबाईंनी कुरकुर केली तरी सासऱ्यांनी तो पाळला. तुमच्या घरात असा बोलणारा माणूस कोण आहे तो शोध, मामा काका कुणीही, तू एकटी बोललीस तर उद्धट ठरतेस.

आणि आमच्या धाराशिवच्या सारिका काळेचं सांग घरी. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघाची कॅप्टन, त्याच वर्षी घरच्या परिस्थितीमुळे खेळ सोडायचा विचार करत होती, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तालुका क्रीडा अधिकारी झाली. सोडायचा विचार आणि अर्जुन यात चारच वर्षं आहेत बघ.

पीटीचा_मास्तर

शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळे पालकांशी हा विषय दरवर्षी होतो. पालकांना मेडल दाखवून काही होत नाही, ते शोकेसमध्ये ठेवतात आणि विसरतात. कागद दाखवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण कुठल्या पदाला कुठल्या पातळीवरची कामगिरी लागते याचे नियम ठरलेले आहेत, नुसता सहभाग घेतला म्हणजे झालं असं नाही. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. मधल्या काळात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून तपासणी कडक झालीये, म्हणून स्पर्धेचा निकाल, संघाची यादी, असोसिएशनचं पत्र सगळं एका फाइलमध्ये ठेवा. रेल्वे आणि काही सरकारी कंपन्या खो-खोच्या मुली घेतात, तिथे नोकरी आणि सराव दोन्ही चालतं. वडिलांना एकदा मैदानावर आणा आणि सरांशी बसवा, फोनवर नको.

दोन_लेकींचा_बाप

थोडं उलटं बोलतो, राग मानू नये. माझी धाकटी कबड्डी खेळते. बापाला काय दिसतं सांगू? अंधारात एसटी स्टँडवर उभी पोरगी दिसते, लिगामेंट तुटलेला गुडघा आणि ऑपरेशनचा खर्च दिसतो, आणि पंचविशीनंतर स्थळं कमी येतात हे नातेवाईक रोज कानात सांगतात ते वेगळंच. यातलं काहीच खोटं नाही. म्हणून "मला खेळायचंय" एवढ्यावर बाप हलत नाही, आमच्या पोरीने मला सांगितलं की पप्पा अमुक तारखेपर्यंत राज्याच्या संघात आले नाही तर बी.एड. ला ॲडमिशन घेते, तोपर्यंत स्थळ दाखवू नका. तारीख दिल्यावर मलाच नातेवाइकांना उत्तर देणं सोपं झालं. तुझं "दोन सीझन" आहे ना, ते कॅलेंडरवर दाखव.

तिखट_मीठ

सगळं पटतंय पण एक विचारू? हिचा भाऊ असेल तर तो गावच्या टेनिस बॉल टूर्नामेंटला रात्र रात्र जागतो, त्याला कुणी नोकरीची फाइल आणि डेडलाइन मागितली का? मुलीने खेळायचं तर पाच टक्के आरक्षण दाखव, लग्न मोडणार नाही याची हमी दे, भाकऱ्या पण कर. नुसतं आवडतं म्हणून खेळायचं हे फक्त पोरांनाच अलाउड 🙄

पोरी, तू फाइल कर, मास्तर बरोबर बोलतायत, पण नोकरी लागली नाही तर खेळ वाया गेला असं स्वतःला पटवून घेऊ नकोस.

आणि कुणी बोललं नाही म्हणून बोलते, खाणं. आपल्याकडे पोरी शेवटी जेवतात आणि उरलेलं जेवतात. पळतीचा खेळ आहे, पाळीत अंगावरनं जास्त जात असेल, दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. माझ्या रूममेटला सगळे आळशी म्हणायचे, रक्त तपासलं तर नऊच्या खाली. गोळ्या, अंडी, शेंगदाणे-गूळ सुरू केल्यावर तीच मुलगी वेगळी दिसायला लागली.

जुना_प्रेक्षक

आज्जीसाठी एक मुद्दा देतो. बायकांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ ला कोल्हापुरात झाली होती, म्हणजे तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, साधारण आज्जीच्याच काळात. हे नवीन फॅड नाही म्हणावं. आणि आता जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला त्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं, कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मॅचचे व्हिडिओ आहेत, टीव्हीला जोडून दाखव, पूर्ण मॅच, रील नको.

खुंटावरची_पोरगी

सगळ्यांचे खूप आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं.

आज्जीला कोल्हापूरचं सांगितलं तर म्हणाली "त्या शहरातल्या पोरी, त्यांचं काय" 😂 पण वर्ल्ड कपची फायनल शेवटपर्यंत बघितली आणि मध्येच "अगं ती बसलेली उठत का न्हाई" असं ओरडत होती. शॉर्ट्सबद्दल एक शब्द नाही.

पप्पांशी बोलले, मामा होते सोबत. दोन सीझन लगेच मान्य नाही केलेत, पुढची राज्य निवड चाचणी होईपर्यंत स्थळ थांबवतो म्हणाले. आत्या रुसलीये, ती दिवाळीला येईल तेव्हा बघू. भाकऱ्यांचं तिखट_मीठ ताईंनी लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं, तो हसला आणि क्रिकेटला गेला.

मास्तर, एक शंका आहे. फाइल करताना बघितलं तर एका प्रमाणपत्रावर माझं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक आहे, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पण चुकलंय. चालतं का?

पीटीचा_मास्तर

आत्ताच दुरुस्त करून घ्या. ज्या असोसिएशनने दिलंय त्यांच्याकडे लेखी अर्ज, सोबत दहावीची मार्कशीट आणि आधारची झेरॉक्स, आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. जाहिरात निघाल्यावर पळापळ होते आणि पदाधिकारी बदललेले असतात.

माहेर_धाराशिव

आणि लग्न जेव्हा करशील तेव्हा नाव आडनाव बदलू नकोस बाई. माझी सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, दर वेळी मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट जोडत बसते. हे पण बैठकीतच सांगून टाक.

तिखट_मीठ

+१. आणि भावाला म्हणावं सकाळी निदान पीठ तरी मळून दे.