घड्याळाचा स्टीलचा पट्टा सगळीकडे चालतोच असे नाही
मनगटी घड्याळाला स्टीलचा एकच पट्टा सर्व प्रसंगी पुरतो, असे काहींचे मत असते; ते मला अर्धेच पटते. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीच्या ‘जनता’सारख्या, रोज चावी द्याव्या लागणाऱ्या साध्या घड्याळाला जड स्टीलचा पट्टा लावला, की त्याच्या तबकडीचा नेमस्तपणा हरवतो, त्याला तपकिरी किंवा काळा चामडी पट्टाच शोभतो आणि लग्नकार्यात सदऱ्याच्या बाहीखाली तो सहज सरकतो. पावसाळ्यात मात्र चामडे घाम आणि ओल धरते व त्याला वास येऊ लागतो (माझे दोन चांगले पट्टे असेच गेले), म्हणून जून ते सप्टेंबर मी नायलॉनचा वापरतो. नवा घेताना घड्याळाला पट्टा अडकतो त्या दोन टोकांमधले अंतर आधी मोजावे. १८ मिलिमीटरच्या जागेत २० चा पट्टा नीट बसत नाही.